दोन लांब, एक आखूड

थंडी पडली की माझा हात अजून गळ्याशी जातो. शिट्टीची दोरी चाचपायला. वीसच्या वर वर्षं झाली ती दोरी गळ्यातून काढून, दोन लेकरांची आई झाले, चाकणला कंपनीच्या गेटवर रोज कार्ड दाखवून आत जाते, तरी नोव्हेंबर सरत आला आणि संध्याकाळचं गार वारं सुटलं की हात वर जायचा तो जातोच. परवा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलंसुद्धा, "घसा दुखतो का हो तुमचा?" म्हटलं, हो. काय सांगणार त्यांना?

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. "आपल्या शिवारात उसाची तोड आली गं. आज कोप्या उभ्या राहिल्या तोडकऱ्यांच्या." मी विचारलं, "बिबट्या दिसला का?" आई म्हणाली, "तो कुठं जातोय? दिसतोच की. तू जेवली का?" आमच्याकडं बिबट्याची चौकशी अशी होते, सोयऱ्याची करावी तशी.

जुन्नरकडचा हिवाळा मला आधी वासानं आठवतो. गुऱ्हाळावरच्या काहिलीचा गोड, जरासा करपट वास. पाचट पेटवल्याचा धूर. हरभऱ्याची भाजी खुडताना बोटांना चिकटणारी आंब, आणि तीच बोटं चुकून फुटलेल्या ओठांना लागली की डोळ्यांत येणारं पाणी. शाळेत पहिला तास उन्हात व्हायचा. भिंतीला पाठ लावून आम्ही ओळीनं बसायचो आणि ऊन सरकेल तसा वर्ग सरकायचा. हांडे बाईसुद्धा शिकवणं न थांबवता खुर्चीसकट सरकायच्या.

हांडे बाई आमच्या भूगोलाच्या, आणि पथकाच्या. पथक म्हणजे शाळेतलं मुलींचं पथक. आठवी ते दहावीच्या बावीस पोरी. शनिवारी कवायत, गाठी, प्रथमोपचार, खाणाखुणांवरून माग काढणं, आणि वर्षातून एकदा शिबिर. गणवेश आमचा आम्हीच उभा केलेला. आळेफाट्याच्या कापडवाल्या शेठजींची लेक आमच्या वर्गात होती, तिच्या वडिलांनी स्कार्फसाठी एक अख्खा पिवळा तागा पाठवून दिला. उघडून बघतो तर पडद्याचं कापड, त्यावर ह्या एवढाल्या लाल कोयऱ्या! तालुक्याच्या मेळाव्यात दुसऱ्या शाळेच्या पोरी आम्हाला बघून फिदीफिदी हसल्या, "पडदेवाल्या आल्या गं." आम्ही माना खाली घातल्या. बाई म्हणाल्या, "हसू देत. रानात चुकलात तर मला लांबून कोयऱ्या दिसतील." बाई असं काही बोलायच्या तेव्हा चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, त्यामुळे त्या विनोद करतायत की खरंच तसं म्हणतायत हे शेवटपर्यंत कळायचं नाही.

या पथकातली माझी जिवाची मैत्रीण म्हणजे सुनंदा. सुनी. आमच्या वस्तीच्या पुढं, उसाचे दोन मळे ओलांडले की तिची वस्ती. त्यापुढं कुणी नाही, नुसतं रान. सुनी उंच, सावळी, आवाज खणखणीत, आणि हट्टी म्हणजे विचारू नका. माझ्यासारखी गोडबोली नव्हती ती. मी वेळ मारून नेण्यात पटाईत. गृहपाठ राहिला तर माझं पोट दुखायचं. सुनी उभी राहून सांगायची, "बाई, न्हाई केला," आणि छड्या खाऊन खाली बसायची. मला तिचा रागही यायचा आणि मनातून तिच्यासारखं व्हावंसंही वाटायचं.

त्या वर्षी आमचं शिबिर घाटघरला गेलं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. एसटीच्या टपावर तंबूची भेंडोळी आणि पिठाचे डबे, आत आम्ही बावीस जणी घसा फाटेस्तोवर गात. नाणेघाटाच्या तोंडाशी गेलो तर वारा असा की उभं राहवेना, आणि खाली सगळं कोकण निळसर पसरलेलं. आपल्या तालुक्याला अशी कड आहे हे मला तेव्हाच कळलं. तंबू ठोकताना बाई हातात पुस्तक धरून एक गाठ समजावून सांगत होत्या. अशी घ्या, मग अशी वळवा. आमच्या बोटांचा नुसता गुंता. सुनी मागून म्हणाली, "बाई, ही तर आमच्या खोंडाची गाठ. जेवढं वढंल तेवढी बसती, आन् सोडायला गेलं की एका हातानं सुटती."

बाईंनी पुस्तक मिटलं. "इकडं ये," म्हणाल्या. "आता तू शिकव." आणि स्वतः आमच्या ओळीत मांडी घालून बसल्या, दोरी घेऊन. भूगोलाच्या बाई, नवव्या इयत्तेतल्या पोरीला विचारतायत, "ही वरून घ्यायची का खालून?" त्या रात्री वाऱ्यानं दोन तंबू उडाले. सुनीनं बांधलेला जागचा हलला नाही.

शेकोटीला घाटघरच्या बाया आल्या, नाचणीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन. आम्ही आमची पाठ केलेली गाणी म्हटली, ती त्यांनी सोसली. मग एक म्हातारी उठली, म्हणाली, "आता आमचं बगा," आणि बाईंचा हात धरून तिनं फुगडी घातली. आमच्या हांडे बाई, ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्यांचा अंबाडा सुटून केस तोंडावर आले, चप्पल कुठं, पदर कुठं! थांबल्यावर त्या दम खात म्हणाल्या, "उद्या सकाळी सहाला कवायत." आम्ही हसून हसून आडव्या झालो.

शिबिराहून आलो तो आनंदाची बातमीच आली. सव्वीस जानेवारीला जुन्नरला तालुक्याची परेड, त्यात आमच्या पथकाला बोलावणं आलं, आणि झेंडा घेऊन पुढं चालायला बाईंनी सुनीला निवडलं. आमच्या शाळेची मुलगी तालुक्यात पुढं चालणार! घरी जाताना सुनी कालव्याच्या भरावावर अचानक ताठ झाली आणि पावलं आपटत निघाली, मी मागून दप्तर सांभाळत पळतेय.

आणि नेमका तेव्हाच ऊस तुटायला लागला. तोड सुरू झाली की बिबट्याची लपण जाते आणि तो इकडून तिकडे हिंडायला लागतो. आठवड्यात दोन कुत्री गेली, एक कालवड गेली. फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा लावला, त्यात तिसऱ्या दिवशी गावातलंच मांजर सापडलं. हसू आलं, पण भीती काही गेली नाही. परेडचा सराव शाळा सुटल्यावर, संपेस्तोवर दिवस कलायचा. पोरींचे बाप शाळेत आले. सगळ्यांत पुढं सुनीचे वडील, तात्या. तात्या वाईट माणूस नव्हता. बैलांचा जाणकार, बेल्ह्याच्या बाजारात लोक त्यांना हात धरून जनावर दाखवायला न्यायचे. पण पोरीचा जीव म्हटल्यावर ते कुणाचं ऐकणार?

"बाई, आधी पोरगी, मंग परेड," ते म्हणाले. "माजी वस्ती समद्यात लांब. अंधारात हिला कोण आणणार?"

बाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि शिट्टीचं सांगितलं. पथकात प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी होतीच. बाईंनी प्रत्येकीला तिची खूण ठरवून दिली. सुनीची दोन लांब, एक आखूड. घरच्या अंगणात पाय ठेवला की आपली खूण वाजवायची. आधी नाही. ती ऐकली की अलीकडच्या वस्तीवरच्या मुलीनं तीच खूण पुढं वाजवायची, मग तिच्या अलीकडच्या, असं करत कालव्याच्या पुलापर्यंत. पुलावर बाई सायकल घेऊन उभ्या. बावीस खुणा आल्या की बाई घरी जाणार. "आणि एक जरी आली नाही," बाई म्हणाल्या, "तर समजायचं पोरगी पोचली नाही, आणि सगळ्यांनी बॅटऱ्या घेऊन निघायचं."

तात्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "ठीक हाय. पर ज्या दिशी हिची शिट्टी चुकंल, त्या दिशी परेड बंद आन् शाळाबी बंद. मामाकडं धाडीन, पुढल्या साली उजवून टाकीन. मला हा घोर न्हाई झेपायचा." सुनी तिथंच उभी होती. तिनं मान हलवली.

त्या महिन्याइतकी सुंदर संध्याकाळ मी पुन्हा ऐकली नाही. गारठ्यात आवाज लांबवर जातो. सूर्य शिवनेरीच्या मागं गेला की एकेक शिट्टी सुरू व्हायची, ओढ्याकडून, मळ्यातून, माळावरून. बायका धारा काढता काढता कान देऊन ऐकायच्या, कुणाची आली, कुणाची राहिली. सगळ्यात शेवटी सुनीची, आणि ती पहिली ऐकायची मी. दोन लांब, एक आखूड. मी ती पुढं वाजवायची. आई म्हणायची, "सुनी पोचली बाई एकदाची. चहा टाकते." आख्ख्या शिवाराचा दिवस त्या शिट्टीनं मावळायचा आणि ती माझ्या तोंडून जायची, याचा मला केवढा तोरा!

परेडला आठ-दहा दिवस राहिले होते. बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस, म्हणून तात्या बैल घेऊन गेलेले. सुनीची आई धाकट्याला घेऊन माहेरी. सराव आटोपून आम्ही दोघी आमच्या वस्तीपर्यंत आलो. सुनी म्हणाली, "मी जरा भरावावरनं जाते. वळणावर माजं पाऊल चुकतंय." मी म्हटलं, "उशीर करू नको गं." ती गेली. मी अंगणात आले, माझी खूण वाजवली आणि तिची वाट बघत बसले.

येईना. एरवी दहा-बारा मिनिटांत यायची. आईनं आतून विचारलं, "आली का सुनीची?" म्हटलं, येईल. दिवस बुडाला. पुलावर बाई ताटकळत असणार. मला पक्कं वाटत होतं की ही बया भरावावर एक-दोन-एक-दोन करत बसलीय, भान नाही. आता शिट्टी गेली नाही तर बाई माणसं घेऊन येणार, गावभर होणार, बाजारातून आल्या आल्या तात्यांच्या कानावर जाणार. की संपलं. परेड गेली, शाळा गेली, सुनी मामाकडं. एवढ्याशा उशिरासाठी? मी वेळ मारून नेण्यात पटाईत, सांगितलं ना. शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. दोन लांब, एक आखूड.

पुलाकडच्या वस्तीनं ती घेतली. तिच्या पुढचीनं घेतली. पुलावरून बाईंची उलट शिट्टी आली, म्हणजे सगळ्या पोचल्या. बाई घरी गेल्या.

सुनीची शिट्टी मात्र काही आली नाही. मी जेवायला बसले. पहिला घास तोंडात तसाच राहिला. आई म्हणाली, "काय झालं गं?" आणि मी बोलून टाकलं. आईनं मला मारलं नाही. तिचा चेहरा मात्र मला अजून दिसतो. तिनं पितळेची परात आणि उलथनं उचललं, चुलत्यांना हाक मारली, त्यांनी बॅटरी घेतली, आणि आम्ही पळत सुटलो. आई सगळ्यात पुढं, परात बडवत, "सुने, ए सुने" करत.

कालव्यातून चारीला पाणी सोडायच्या लोखंडी गेटपाशी बॅटरीच्या उजेडात आधी लाल कोयऱ्या दिसल्या. गेटच्या चौथऱ्यावर सुनी उभी होती, ताठ. कमरेभोवती स्कार्फ घेऊन तिनं तो गेटच्या चाकाला बांधला होता. खोंडाची गाठ. खाली तोडलेल्या उसाच्या पाचटात बिबट्याची मादी होती, दोन पिल्लांसकट, सुनीच्या घरच्या वाटेवर. आमचा गलका ऐकून ती पिल्लांना घेऊन उभ्या उसात गेली. चुलत्यांनी तिची शेपटी बघितली, मी तीसुद्धा नाही. मी फक्त सुनीकडं बघत होते.

"चक्कर येत व्हती," ती आईला म्हणाली. "कालव्यात पडंन म्हणून बांधून घेतलं." मग मला म्हणाली, हळू आवाजात, "मी शिट्टी मारली न्हाई. पोचले न्हाई तर मारायची कशी? म्हटलं, न्हाई वाजली की तुमी येणारच. आन् मंग माजीच शिट्टी वाजली, विजू. मी हितं उभी, आन् मी घरी पोचल्याली मला आयकू आली."

एवढी मी कशालाच भ्याले नाही, ना त्याआधी, ना नंतर.

सकाळी शाळेच्या ऑफिसात आम्ही उभ्या होतो. तात्या रात्रभर झोपले नसावेत. मी कुणी विचारायच्या आधी सांगितलं, "शिट्टी मी वाजवली." पोटदुखी वगैरे काही सुचली नाही. बाई म्हणाल्या, "तात्या, चूक माझी. मी ऐकून निघून गेले." तात्या म्हणाले, "आता बोलण्यात काय आर्थ हाय? मी काय बोललो व्हतो ते पोरीला ठावं हाय. शिट्टी चुकली, शाळा बंद."

सुनी म्हणाली, "तात्या, माजी शिट्टी कुठं चुकली? मी पोचले न्हाई, मी वाजवली न्हाई. माजी बरोबरच व्हती."

तात्यांनी लेकीकडं बघितलं. जनावर पारखणारा माणूस तो, बराच वेळ बघितलं. "बरं," ते शेवटी म्हणाले. "तुजी न्हाई चुकली. मंग मधली पोरगी बदला. हिच्यावर माजा इस्वास न्हाई."

मी बाहेर पडायला वळलेच होते. तर सुनी म्हणते, "मधी विजूच पायजे."

"का गं?"

"ती आता कधीच खोटी वाजवायची न्हाई. बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "परेडला तू नाहीस," म्हणाल्या. "साखळीत आहेस."

सव्वीस जानेवारीला मी मैदानाच्या दोरीबाहेर उभी होते, गर्दीत, तात्यांच्या शेजारी. सुनी झेंडा घेऊन आली आणि तिच्या मागं आमच्या वीस कोयऱ्या. वळणावर तिचं पाऊल चुकलं नाही. तात्या माझ्याशी चकार शब्द बोलले नव्हते. ती समोरून गेली तसं त्यांनी टोपी काढली, डोळे पुसले, परत घातली आणि म्हणाले, "बगितली का गं?" मी म्हटलं, "बघितली, तात्या." सुनी पुढं बारावीपर्यंत शिकली. आता मंचरच्या पुढं राहते, मोठा गोठा सांभाळते, आणि वाडीतल्या पोरींच्या गळ्यात शिट्ट्या बांधून त्यांना शाळेत धाडते. माझी लेक मला क्लासच्या जिन्यातूनच फोनवर 'पोचले' पाठवते, तेव्हा मी उगाच डाफरते. ती म्हणते, आई, दोन पायऱ्याच तर राहिल्यात.

पण परेडपेक्षा मला आठवते ती ऑफिसातल्या सकाळनंतरची संध्याकाळ. अंगणात शिट्टी हातात धरून मी उभी. सुनी त्याच वाटेनं गेली होती, एकटी नाही, तात्या बरोबर होते, पण वाट तीच. दिवस बुडाला. येईना. आई चुलीपुढून उठून माझ्या मागं येऊन उभी राहिली. पुलाकडच्या वस्त्या गप्प होत्या, सगळ्या माझ्याकडं कान लावून. मी शिट्टी तोंडापासून लांब धरली होती, चुकून श्वाससुद्धा जायला नको म्हणून.

मग उसापलीकडून आली. दोन लांब, एक आखूड.

मला फुंकता येईना. रडू इतकं दाटलं होतं की पहिल्यांदा नुसती फसफस झाली, दुसऱ्यांदा एकच लांब निघाली. आई म्हणाली, "वाजव बाई, पुलावर बाई थांबल्यात." मी डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा वाजवली. ती बरोबर गेली.